चोरट्यांनी सोललेली स्प्लेंडर पुन्हा चालू करताना : नोंदी आणि खर्च

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

दिवाळीला १८ तारखेला सटाण्याकडे गावी गेलो होतो, आज दुपारी चारला नाशिकच्या सिडकोत परत आलो. गाडी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, जिन्यामागे, हँडल लॉक करून ठेवली होती. होती तिथेच होती. बॅगा घेऊन जिना चढायला लागलो तर आबांनी हात धरून थांबवलं. म्हणाले, "गाडीच्या पोटातून पलीकडची भिंत दिसतेय बघ."

गाडी २०१३ची स्प्लेंडर प्लस. किकवाली, कार्बोरेटरची, बीएस-३. आबांनी निवृत्त झाल्यावर दसऱ्याला घेतलेली. आता मी ती अंबडला कामावर नेतो. ८१ हजार किलोमीटर झालेत.

गेलेलं सामान : सायलेन्सर बेंड पाईपासकट, कार्बोरेटर, बॅटरी, आरआर युनिट (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं), दोन्ही साईड कव्हर. टाकीतलं पेट्रोलही काढून नेलं.

सामान गेल्याचं दुःख आहेच, पण काढताना केलेली नासधूस बघून जास्त पोट तुटलं. बॅटरीच्या आणि आरआर युनिटच्या वायरी कपलरमधून काढायला दोन सेकंद लागतात. त्या सरळ कापल्यात. अ‍ॅक्सिलरेटरची केबल पकडीनं तोडली. पेट्रोलचा पाईप ब्लेडनं कापला. इंजिनाच्या हेडमधला, सायलेन्सर धरून ठेवणारा एक स्टड (आट्यांची सळई) मुळाशी तुटलाय, दुसरा वाकलाय. हे सगळं पुन्हा उभं करायला काय काय लागतं, किती पैसे जातात, कुठे फसायला होतं, ते तारखेवार लिहून ठेवतोय. आमच्या भागात हे आता एकट्यादुकट्याचं राहिलेलं नाही.

आजचीच पहिली चूक. इंजिनात दाब आहे का बघायला म्हणून रागाच्या भरात दोन किका मारल्या. असं कुणीही करू नका. का, ते ३० तारखेला लिहिलंय.

२७ ऑक्टोबर

सकाळी आधी सोसायटीचा कॅमेरा. रेकॉर्डिंग सातच दिवसांचं राहतं, त्यावर पुढचं चढत जातं. आज उघडलं तर २० तारखेपासूनचं होतं आणि त्यात कुणीच दिसत नाही. म्हणजे चोरी १८ किंवा १९च्या रात्रीची, आणि नेमकं तेवढंच पुसलं गेलंय. खालच्या मजल्यावरच्या काकांना २०लाच पेट्रोलचा वास आला होता. त्यांना वाटलं कुणाची तरी गाडी गळतेय. त्यांच्याकडे माझा नंबरच नव्हता. आज दिला.

मग पोलीस ठाण्यात. अर्ज घरून लिहून नेला होता आणि त्यात दुसरी चूक केली. जुनी गाडी, जुनं सामान, म्हणून किंमत "अंदाजे ४,००० रुपये" लिहिली. हवालदारसाहेबांनी तिथेच बोट ठेवलं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३(२)मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा आणि चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला असेल, तर माल किंवा पैसे परत दिल्यावर शिक्षा समाजसेवेवर येते आणि तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. अदखलपात्र म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही. ते म्हणाले, "दादा, तुम्हाला हे सामान परत घ्यायला किती लागणारेत? दुकानातून कोटेशन आणा आणि तो आकडा लिहा."

दुपारी सारडा सर्कलकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून कंपनीच्या मालाचं कोटेशन घेतलं :

सायलेन्सर २,४८०
कार्बोरेटर २,१५०
बॅटरी ८९०
आरआर युनिट ४६०
साईड कव्हर जोडी ६२०
एकूण ६,६०० रुपये

अर्ज नव्यानं लिहिला, कोटेशन, आरसीची झेरॉक्स आणि गाडीचे फोटो जोडले. एफआयआर झाली. तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या. फोटो मात्र गाडीला हात लावायच्या आधी काढा. तुटलेल्या वायरींची टोकं, स्टड, पाईपचं कापलेलं तोंड, सगळं जवळून.

यात अर्धा दिवस रजा गेली.

२८ ऑक्टोबर

विम्याचा विषय पाच मिनिटांत संपला. माझी पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची, ७१४ रुपये अधिक जीएसटीवाली. तिच्यात स्वतःच्या गाडीचं काहीच येत नाही. पॅकेज पॉलिसी असती तरी दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा, बॅटरी आणि प्लास्टिकवर ५० टक्के, वर क्लेम घेतला म्हणून नो क्लेम बोनस जाणार. आणि जी वरून बसवलेली अ‍ॅक्सेसरी असते, ती दुचाकीच्या पॉलिसीत गाडीबरोबर गेली तरच मिळते, एकटी चोरीला गेली तर नाही. ज्यांनी हजारो रुपयांचे गार्ड आणि लाईट लावलेत त्यांनी हे एकदा वाचून ठेवावं.

घराजवळच्या गॅरेजमध्ये अंदाज विचारला. १३,८०० रुपये, कारण पूर्ण वायरिंग किट बदलायचं आणि हेड खोलून लेथवर न्यायचं. त्यांचं चुकत नाही, काम हातावेगळं करायचं तर असंच करावं लागतं. पण गाडीचं रजिस्ट्रेशन २०२८पर्यंत आहे, अशा गाडीवर चौदा हजार घालायचे का, यावर रात्री घरात बराच वेळ बोलणं झालं. आबा गप्प होते. शेवटी म्हणाले, "तू फिटर आहेस ना? मग मी बॅटरी धरतो, तू खोल." बॅटरी म्हणजे हातातली टॉर्च. ठरलं, घरीच करायचं.

सध्या जाताना सिटीलिंकची बस आणि रात्री पाळी सुटल्यावर रिक्षा.

३० ऑक्टोबर

आज पहिल्यांदा नीट हात लावला. सीट काढली, टाकी काढली, उरलेली एअर फिल्टरची नळी बाजूला केली. कार्बोरेटर नसल्यामुळे मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीचं, तोंड आठवडाभर उघडं. टॉर्च मारली तर आत माती.

आधी वाटलं कुणी मुद्दाम भरली. नीट बघितलं तर तोंडापासून बोटभर आत गोल गोल वळ्यांनी लिंपलेली ओली-सुकी चिकणमाती, एका बाजूला भोक. कुंभारीण माशीचं घर. खिडकीच्या चौकटीत, नळाच्या तोंडात करते तेच. चौकटीतलं घर बोटानं पाडता येतं. इथे खाली इनलेट व्हॉल्व्ह आहे आणि त्याखाली पिस्टन. आणि मी रविवारी दोन किका मारलेल्या. घराची एक कड तुटलेली दिसत होती. तो तुकडा आत गेला का, हा प्रश्न घेऊन अर्धा तास तसाच बसून राहिलो.

नंतर केलं ते असं. प्लग काढला. डाव्या कव्हरवरची दोन्ही झाकणं खोलली, बॉक्स पान्यानं मॅग्नेट उलट्या दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, हळूहळू फिरवला आणि दाबाच्या फेरीला टी खूण (पिस्टन अगदी वर असल्याची) जुळवली. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की हवा बाहेर ढकलते, ती दाबाची फेरी. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये काही पडलं तरी सिलिंडरमध्ये जात नाही. मग मॅनिफोल्डचे दोन बोल्ट खोलून तो खाली कलवत काढला. तोंड खाली ठेवूनच काढायचा. माती टिचकीनं सुटली. पाच मिलिमीटरचा एक तुकडा पोर्टच्या वळणावर, व्हॉल्व्हच्या अलीकडे अडकला होता. सायकलच्या पातळ नळीला तोंडानं ओढ देऊन तो काढला, मग पेट्रोलमध्ये भिजवलेल्या कापडाच्या वातीनं पोर्ट पुसला. तीन वाती स्वच्छ येईपर्यंत.

सिलिंडरमध्ये काही गेलं नव्हतं. प्लगच्या भोकातून टॉर्चनं पिस्टनचा माथा बघितला, काळा पण कोरडा. दोन चमचे इंजिन ऑईल टाकून हातानं चार फेऱ्या फिरवल्या, खरखर नाही.

कार्बोरेटर किंवा सायलेन्सर चोरीला गेला की त्याच मिनिटाला दोन्ही तोंडांत स्वच्छ कापडाचे बोळे घाला. बोळा मोठा घ्या आणि शेपूट बाहेर ठेवा, म्हणजे आत जात नाही आणि विसरतही नाही. किक, सेल्फ काहीही नंतर.

वेळ साडेतीन तास. खर्च प्लगचे १००.

१ नोव्हेंबर

तिसरी चूक, आणि हिचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

नवा सायलेन्सर २,४८०चा. जुन्या पार्टच्या दुकानात तसाच, कंपनीचा, ७०० रुपयांना मिळाला. बिल नाही. कुठून आला विचारलं, "ॲक्सिडेंटच्या गाडीचा आहे" म्हणाले. पैसे वाचले या आनंदात घेऊन आलो. तिथेच कार्बोरेटरही ७००ला दाखवला होता, तो उद्या घेऊ म्हणून ठेवला.

रात्री पार्किंगमध्ये आबांनी टॉर्च धरली आणि मी सायलेन्सर उलटा केला. बेंडच्या तोंडावर पॅकिंग अजून चिकटलेलं, त्यावर काजळी बोटाला लागेल इतकी ताजी. ॲक्सिडेंटची गाडी महिनोन् महिने पडून असते, तिच्या तोंडाला गंज धरतो. आणि बेंडच्या मानेवर पाईप पान्याच्या दातांचे ओरखडे, चार-चार एका ओळीत, खालचा धातू चकचकीत. ज्याच्याकडे दहा नंबरचा पाना आहे तो मानेला पाईप पाना लावत नाही. हे सायलेन्सर पिरगाळून काढलेलं होतं, माझं काढलं तसंच, फार तर आठवड्यापूर्वी.

माझं नव्हतं. माझ्या सायलेन्सरला त्र्यंबक रस्त्यावर दगड लागून पडलेला पोचा होता, याला नव्हता. म्हणजे नाशकातल्याच दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचं. आबा एवढंच म्हणाले, "त्याच्याही गाडीचा स्टड तुटला असेल."

२ नोव्हेंबर

सकाळी सायलेन्सर परत केला. ७०० पैकी ४०० मिळाले, ३०० गेले. घासाघीस केली नाही. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना तो घेणं हाही न्याय संहितेच्या कलम ३१७प्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंतचा. पण मी परत केला तो कलमाच्या भीतीनं केला असं नाही. आठ दिवसांपूर्वी मी ज्याला शिव्या घालत होतो, त्याचा माल विकला जावा म्हणून मीच गिऱ्हाईक झालो होतो. एफआयआर घेतलेल्या हवालदारसाहेबांना दुकान आणि तिथे पाहिलेला कार्बोरेटर, दोन्ही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

मग कोटेशनवालं सगळं सामान नवं घेतलं, पक्क्या बिलावर. बिलाचा लगेच फायदा झाला. सायलेन्सरच्या खोक्यावर छापील किंमत २,६९० होती, ती जुन्या २८ टक्के जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या पार्टवर १८ टक्के आहे. बिल करताना दुकानदारानं २,४८० लावले. जुना साठा अजून बाजारात आहे, तेव्हा खोक्यावरची किंमत देऊन मोकळे होऊ नका.

सोबत अ‍ॅक्सिलरेटर केबल १२०, पेट्रोल पाईप, क्लिपा आणि फिल्टर ६०, कार्बोरेटरचा इन्सुलेटर ९५, सायलेन्सरची दोन पॅकिंग ६०, दोन स्टड आणि टोपी नट ५०.

४ नोव्हेंबर

स्टड. दोन संध्याकाळी गेल्या आणि हाती काही लागलं नाही.

वाकलेला स्टड सहज निघाला : दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटाला पाना लावला, आला. तुटलेल्याचं बुड हेडच्या बाहेर जेमतेम दोन मिलिमीटर. आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवलं होतं. लॉकची पक्कड लावली, तर बुडाचा कडा सोलून निघाला आणि ते गोल गुळगुळीत झालं. मग मध्यभागी पंच मारून तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. हातातल्या ड्रिलनं. गाडी स्टँडवर, मी आडवा, ड्रिल तिरकं. भोक मध्यापासून सरकलं. त्यात २२० रुपयांच्या सेटमधला इझी-आऊट (तुटलेला स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार) घालून ओढला आणि तो टक्कन आत तुटला.

इझी-आऊट कडक पोलादाचा असतो. त्यावर साधं ड्रिल चालत नाही, आणि जोर केला तर बाजूला सरकून हेडचं ॲल्युमिनियम खातं. कारखान्यात मी हेच काम रोज व्हाइसमध्ये पकडून करतो. इथे घाई केली. गंजलेल्या एम-६ स्टडला आधी उष्णता द्यायची असते, ताकद नंतर. मला हे माहीत असूनही मी उलट केलं.

६ नोव्हेंबर

पुन्हा अर्धा दिवस रजा. भाच्याला घेऊन गाडी ढकलत अंबडच्या बाजूला एका वेल्डरमामांकडे नेली, दीड किलोमीटर. जाण्याआधी सीडीआयचा (प्लगला ठिणगी देणाऱ्या युनिटचा) कपलर काढून ठेवला. बॅटरी नव्हतीच. वेल्डिंगच्या आधी या दोन गोष्टी सुट्या केल्याच पाहिजेत.

मामांनी बुड बघितलं, मला बाजूला व्हायला सांगितलं, आणि एक मोठा आठ नंबरी नट बुडावर ठेवून त्याच्या भोकातून आर्क धरला. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला काही होत नाही, नट आणि बुड एक होतात. पहिला नट पाना लावताच बुडावरून सुटला. दुसराही. माझा जीव वर-खाली होत होता. मामा म्हणाले, "घाई करू नको, प्रत्येक वेळी बुड तापतंय ना, तेवढा गंज सुटतोय." तिसरा नट लावून झाल्यावर त्यांनी चहा मागवला, नट पूर्ण काळा पडेपर्यंत थांबले, मग पाना लावला. आधी एक बारीक कुर्र असा आवाज आला. पाव आटा पुढे, पाव आटा मागे, पुन्हा तेल, पुन्हा पुढे. दहा मिनिटांनी बुड, आतला तुटलेला इझी-आऊट आणि वरचा नट, असं सगळं एकत्र त्यांच्या तळहातावर आलं.

मजुरी ३५०. गॅरेजच्या अंदाजात हेड खोलण्याचे आणि लेथचे मिळून तीन हजारांच्या वर होते. स्टड तुटला असेल तर स्वतः काही करण्याआधी नट वेल्ड करणारा माणूस शोधा. माझं तिरकं भोक आणि तुटलेला इझी-आऊट नसता तर पहिल्या नटातच काम झालं असतं, असं मामांचं म्हणणं.

घरी येऊन एम-६ टॅप हातानं फिरवला. तोंडाकडचे तीन-चार आटे गेलेत, आतले शाबूत. नवे स्टड कॉपर ग्रीस लावून बसवले. नवं पॅकिंग, नवा सायलेन्सर. दोन्ही नट आधी हातानं, मग आळीपाळीनं थोडे थोडे. एक पूर्ण आवळून दुसरा आवळला की फ्लँज तिरका बसतो आणि फुसफुस सुरू होते.

८ आणि ९ नोव्हेंबर

वायरिंग. कापलेल्या सात वायरी. आरआर युनिटला चार : लाल बॅटरीची, हिरवी अर्थ, पांढरी चार्जिंगच्या कॉईलची, पिवळी लाईटच्या कॉईलची. नव्या युनिटवर रंग तेच, त्यामुळे गोंधळ नाही. ज्या टोकांना हवा लागली होती तिथे तांबं हिरवट झालेलं, म्हणून प्रत्येक वायर चकाकी दिसेपर्यंत मागे सोलली आणि जोडाला नवा तुकडा घातला. सोल्डर करून वर हीट स्लीव्ह. सहा जोड असे नीट केले. सातव्याला, बॅटरीच्या लाल वायरीला, हात पोचत नव्हता आणि रात्रीचे साडेअकरा झाले होते. ती पिळून टेप मारली.

वायर, स्लीव्ह, सोल्डर, फ्यूज मिळून १८०.

कार्बोरेटर बसवला, केबल ओवली, पाईप लावला. ऑईल बदललं, ९०० मिली, ४१० रुपये, आत काही गेलं नसलं तरी मनाची खात्री म्हणून. बॅटरी १२ व्होल्ट २.५ एएच : आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. २०० रुपयांचं पेट्रोल.

चौथ्या किकला चालू झाली. आबा पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते, ते उठून उभे राहिले.

१० नोव्हेंबर

आनंद एकच दिवस टिकला. पाळीला जाताना पवननगरच्या पुढे खड्ड्यात आपटली आणि हॉर्न, इंडिकेटर सगळं गेलं. फ्यूज उडालेला. पिळलेल्या लाल वायरीचं एक टोक टेपमधून बाहेर येऊन फ्रेमला लागलं होतं. फ्यूज नसता तर काय झालं असतं, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही. टाकी पुन्हा उतरवली, जोड सोल्डर केला, स्लीव्ह घातली, वायर फ्रेमला क्लिपनं बांधली. वीस मिनिटं. त्या रात्री तीच वीस मिनिटं दिली असती तर भागलं असतं.

मीटरवर : गाडी बंद असताना १२.७ व्होल्ट, रेस दिल्यावर १४.३. चार्जिंग बरोबर आहे.

१२ नोव्हेंबर

गाडी सिग्नलला स्वतःहून रेस होते, मग एकदम खाली येऊन बंद पडते. दोन दिवस मी हवेचा स्क्रू फिरवत बसलो. दोष तिथे नव्हताच. चालू इंजिनवर कार्बोरेटर आणि इन्सुलेटरच्या जोडावर गंजाच्या तेलाचा हलका फवारा मारला, आवाज लगेच बदलला. म्हणजे तिथून फुकटची हवा ओढतेय. खोललं तर ओ-रिंग खोबणीतून सरकून चिमटली होती. नवी १५ रुपयांची, ग्रीसचं बोट लावून खोबणीत चिकटवली, म्हणजे बसवताना पडत नाही. इंजिन गरम करून हवेचा स्क्रू हलकेच पूर्ण आत, मग पावणेदोन फेऱ्या बाहेर. आता गप्प उभी राहते.

१६ नोव्हेंबर, रविवार

साईड कव्हर बसवली. रंग जुना पडलेला, नवी कव्हर जास्त काळी दिसतात, असू दे.

हिशेब :
चोरीला गेलेलं सामान नवं घेतलं : ६,६००
काढताना त्यांनी मोडलं आणि मी खबरदारी म्हणून बदललं (केबल, पाईप, इन्सुलेटर, ओ-रिंग, पॅकिंग, स्टड, प्लग, ऑईल, वायरिंग) : १,०९०
वेल्डर : ३५०
वाया गेलेला इझी-आऊट सेट : २२०
जुन्या सायलेन्सरमध्ये बुडाले : ३००
बस आणि रिक्षा : ६४०
पेट्रोल : २००
एकूण ९,४०० रुपये

शिवाय दोन अर्ध्या रजा आणि हाताचे साधारण २७ तास. त्यातले निदान दहा तास माझ्या चुकांनी खाल्ले. जुन्या दुकानात तसाच कार्बोरेटर आणि सायलेन्सर मिळून १,४०० सांगितले होते, म्हणजे विकणाऱ्या चोराला त्याहून कमीच मिळाले असणार. तेवढ्यासाठी माझे साडेनऊ हजार.

पुढची सोय : मागच्या चाकातून खांबाला जाड साखळी, ५५०. तिनं गाडी जात नाही, पार्ट जातात. म्हणून बॅटरीचा पट्टा आणि साईड कव्हरला साध्या बोल्टऐवजी ॲलन बोल्ट, ६०. ते निघतच नाहीत असं नाही, पण पक्कड चालत नाही, वेळ लागतो. खर्चात सगळ्यात स्वस्त पडलं ते गाडी जिन्यामागून काढून वॉचमनच्या खुर्चीसमोर, दिव्याखाली लावणं. कोपरा सुरक्षित असं मला बारा वर्षं वाटत होतं. चोराला तिथेच निवांत बसता आलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कॅमेऱ्याची हार्ड डिस्क मोठी करायचा विषय मांडला, महिनाभराचं रेकॉर्डिंग राहावं म्हणून. मंजूर झालाय, वर्गणी निघाली की बसेल.

२९ नोव्हेंबर

४१० किलोमीटर झाले. टाकी फुल्ल ते फुल्ल ॲव्हरेज ५८. सायलेन्सरचे नट एकदा पुन्हा तपासले, पाव फेरी घेतली. आटे गेलेल्या भोकातला स्टड धरून आहे. पोलिसांकडून अजून फोन नाही, मी दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारतो.

आज रात्री दहाला शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाची आई वर आली. मुलगा सातपूरला शिकाऊ आहे, त्याच्या गाडीचा कार्बोरेटर आणि बॅटरी गेलीय. खाली जाऊन बघितलं, त्याच वायरी, तशाच कापलेल्या. त्यानं अजून किक मारलेली नव्हती. मॅनिफोल्डमध्ये बोळा घातला, शेपूट बाहेर ठेवलं, आणि त्याला टॉर्च धरायला लावून आधी फोटो काढले. उद्या सकाळी आधी दुकानातून कोटेशन, मग ठाणे. मी सोबत जातोय.